पाळी जाताना झोप का जाते?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठकीच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'कोरडवाहू ज्वारीचा उत्पादनखर्च' असा विषय छापलेला आहे. तो मी सोडलेला नाही, जेवणानंतर घेऊ. आत्ताचा पाऊण तास मी एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषयाचे नाव ऐकून पुरुष मंडळींनी तंबाखू मळायला बाहेर जाऊ नये. विषय बायकांच्या शरीराचा आहे, पण त्याचा खर्च तुमच्या कापसातून जातो. तो कसा जातो तेच आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात एका गावी आपली बैठक होती. कापूस विकायचा की घरात ठेवायचा यावर रात्री दहापर्यंत वाद झाला. मी सांगितले, ज्यांची ताकद आहे त्यांनी थांबावे. ज्या घरी माझा मुक्काम होता त्या घरची बाई, वय असेल त्रेचाळीस-चव्वेचाळीस, सगळी निजानीज झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, कापसाचं तं समजलं. पण मले रातचा डोयाले डोया लागत नाही. दोन वाजता आंग असं पेटते का लुगडं फेकून द्यावं वाटते. मंग घाम, मंग थंडी. याच्यावर हाय का काही?"

मी तिला म्हटले, काळजी करू नका, चहा कमी करा, होईल ठीक. कपाशीचे लाल पडलेले पान कोणी पुढे केले तर मी दहा प्रश्न विचारते. जमीन कोणती, पाणी कधी साचले होते, कधीपासून लाल पडले, वरची पाने की खालची, पानाखाली तुडतुडे आहेत का. त्या बाईला मी एकही प्रश्न विचारला नाही. बोलून बोलून थकले होते हे खरे, पण त्याहून खरे हे की मला त्यातले काही कळत नव्हते.

मार्चमध्ये पुन्हा त्या घरी गेले तेव्हा घरात कापूस नव्हता. भाव चढेल म्हणून राखलेला अकरा क्विंटल माल जानेवारीतच व्यापाऱ्याने दारातून उचलला होता, पडत्या भावाने. पैसा गेला होता तालुक्याच्या गावच्या एका खाजगी दवाखान्यात. तिथे सांगितले गेले, 'पिशवी खराब झाली आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका.' पिशवी काढली, तिच्यासोबत दोन्ही बीजकोषही काढले. मी कागद मागून पाहिले. सोनोग्राफीच्या कागदावर काळजी करण्यासारखा एक शब्द नव्हता. बाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. आधी रात्रीतून एकदा अंग पेटत होते, आता चार वेळा पेटत होते. नवरा बिचारा मला विचारत होता, "ताई, पैसा बी लावला, मंग झोप काहून नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. नंतर वर्षभर मी वाचले, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना भेटून विचारले, बायकांच्या बैठकांमधून ऐकले. मी डॉक्टर नाही, शेतकीची पदवीधर आहे. औषधाची मात्रा मी सांगणार नाही. पण प्रश्न कोणते विचारायचे आणि कोणत्या दारात जायचे नाही, एवढे सांगण्याइतके मला आता कळते.

बाईची पाळी एका दिवशी बंद होत नाही. आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी ती थांबते, पश्चिमेकडच्या देशांत ५१ च्या सुमारास. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. पण त्याच्या आधीची तीन-चार वर्षे सगळे मागेपुढे होत असते. कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा, कधी इतके जाते की बाई उभी राहू शकत नाही. बीजकोषातून तयार होणारा इस्ट्रोजेन नावाचा रस या काळात चढउतार करत करत कमी होतो. हा रस फक्त गर्भाचे काम करतो असे नाही. मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारी एक जागा आहे, तिच्यावरही त्याचा अंमल असतो.

बैलाला ऊन किती झाले म्हणजे तो सावली धरतो, थंडी किती झाली म्हणजे तो अंग आखडतो, या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात तो निवांत रवंथ करतो. माणसाच्या शरीरातही असा पट्टा आहे. इस्ट्रोजेन कमी झाला की कित्येक बायकांमध्ये तो पट्टा अगदी अरुंद होतो. अंगाची उष्णता जराशी वाढली, इतरांना कळणारही नाही इतकी, तरी मेंदू आग लागल्यासारखा हुकूम सोडतो. कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, छाती धडधडते, घामाची धार लागते. घाम वाळला की थंडी वाजते. हे सगळे काही मिनिटांत आटोपते, पण तोवर झोप मोडलेली असते. मोडलेली झोप पुन्हा लागेपर्यंत दीड-दोन तास जातात आणि त्या दोन तासांत बँकेचे कर्ज, पोरीचे लग्न, बोंडअळी, सगळे उशाशी येऊन बसते. घरचे म्हणतात, काळजीने झोप लागत नाही. कित्येकदा उलटे असते. झोप मोडते म्हणून काळजी येते.

हे किती जणींना होते? पाळी जाण्याच्या काळात शंभरातल्या चाळीस ते साठ बायका झोपेची तक्रार सांगतात. आणि हे दोन-चार महिन्यांचे दुखणे नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून सात ठिकाणच्या तीन हजारांवर बायकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. अंगाची आग होण्याचा त्रास ज्यांना वारंवार होता त्यांच्यात तो साधारण साडेसात वर्षे टिकल्याचे २०१५ साली त्यातून निघाले. म्हणजे कोणाला चार, कोणाला बारा. एवढी वर्षे बाई रात्री जागते आणि दिवसा वेचणी करते, सोंगणीला विळा चालवते, चुलीपुढे बसते. विळा बोटाला लागतो तेव्हा आपण म्हणतो, लक्ष कुठे होते तुझे.

आता पिशवीचा प्रश्न. अंगाची आग आणि झोपमोड यांचा पिशवीशी संबंध नाही, संबंध बीजकोषांशी आहे. पिशवी काढल्याने झोप येणार नाही. उलट बीजकोष काढले तर जो रस चार वर्षांत हळूहळू उतरायचा तो चार दिवसांत संपतो. आणि पिशवीच काढून बीजकोष ठेवले तरी ते दोन-चार वर्षे आधी थकू शकतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीच्या किती तरी होत्या. मुकादमाचा खाडा चुकावा, पाळीचा खोळंबा नको, आणि डॉक्टरने घातलेली भीती, अशी तिन्ही कारणे पुढे आली. कापसाच्या मुलुखात मुकादम नाही, पण भीती तीच आहे. पिशवी काढण्याची खरी कारणे असतात. गाठीमुळे थांबत नाही असा रक्तस्राव, कॅन्सर, पिशवी खाली उतरणे. ज्या बाईला कोणी ऑपरेशन सांगितले तिने कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे, शक्यतो जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात जावे. खत घेताना आपण दोन दुकानांत भाव विचारतो. इथे तर शरीराचा तुकडा जायचा आहे.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डागही दिसला तर घरी बसायचे नाही. तो कॅन्सर असेलच असे नाही, पण तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

चाळिशीनंतरची प्रत्येक झोपमोड पाळीचीच असते असेही नाही, म्हणून प्रश्न विचारायला हवेत. रात्री पाय ओढतात का? पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखे होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावले चालले की बरे वाटते, असे असेल तर बऱ्याचदा ती रक्तातल्या लोहाची कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचे रक्त कमी निघाले. त्यात पाळी जाण्याच्या काळात जास्त अंगावर गेले की उरलेसुरले लोहही जाते. अशा बाईला झोपेची गोळी देणे म्हणजे नत्र कमी पडलेल्या पिकावर कीटकनाशक मारणे आहे. तिला रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. नवरा सांगतो का की ही मोठ्याने घोरते आणि मध्येच तिचा श्वास अडकतो? तर तो वेगळा आजार आहे. लघवीला चार वेळा उठावे लागते का? साखर तपासा. छाती दिवसाही धडधडते, वजन उतरते? थायरॉइड तपासा. ही सगळी तपासणी सरकारी दवाखान्यात होऊ शकते.

आणि एक प्रश्न जरा जपून विचारायचा. पहाटे तीनला जाग येते, आणि आपण कोणाच्या कामाच्या नाही, आपण गेलो तर घर सुटेल, असे मनात येते का? आपल्या जिल्ह्यात असा प्रश्न कोणी हलक्याने घेऊ नये. पुरुषांच्या आत्महत्यांची मोजदाद झाली, चौकशा झाल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका रात्री काय करतात हे कोणी मोजले नाही. असे मनात येत असेल तर ते पाळीवर ढकलून थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते.

आता उपाय. जे करू नये ते आधी.

गावात झोप येत नाही म्हटले की तीन दारे उघडतात. एक देवऋषी. रात्री घरात फिरणाऱ्या बाईला 'बाहेरचे' लागले म्हणून कोंबडे जाते, लिंबू जाते, कधी बाईला मारही बसतो. याच्यावर जास्त बोलत नाही. २०१३ च्या कायद्याने तो मार गुन्हा आहे. दुसरे दार शेजारणीचे, म्हणजे जायफळ, डोक्याला तेल, तळपायाला तूप. चिमूटभर जायफळाने आणि तेलाने नुकसान नाही, कोणी प्रेमाने डोके चोळून दिले तर त्याने झोप येतेही. जायफळ मात्र विषारी ठरू शकते, ते चमचाभर खाऊ नका. अश्वगंधाने थोडा गुण येतो असे काही लहान अभ्यास सांगतात, पण यकृताला त्रास झाल्याचीही उदाहरणे आहेत आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरे दार औषधाच्या दुकानाचे, आणि मला भीती याचीच आहे. अल्प्राझोलम नावाची बारीक गोळी. चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने बंदी आहे, पण फवारणीचे औषध जसे दुकानदार 'हे न्या, हमखास' म्हणून हातात देतो तशी ही गोळीही मिळते. पहिल्या आठवड्यात गाढ झोप लागते, बाई दुवा देते. महिन्या-दोन महिन्यांत एकीने भागत नाही, दोन लागतात. सोडली तर झोप पहिल्यापेक्षा वाईट जाते. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होत असतात. गोळीच्या गुंगीत रात्री मोरीकडे जाताना बाई पडली की खुबा मोडतो. आणि अंगाची आग या गोळीने कमी होतच नाही. ज्या बहिणी ही गोळी महिनोन्‌महिने घेत आहेत त्यांनी माझे भाषण ऐकून उद्यापासून एकदम बंद करू नये, त्यातही धोका आहे. डॉक्टरला विचारून मात्रा हळूहळू उतरवत न्यायची.

आता जे लागू पडते ते. जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली जो सुचवला त्यात गोळी नाही. झोपेच्या सवयी पद्धतशीर बदलणे एवढाच तो उपाय आहे. ऐकायला अगदी बुळबुळीत वाटतो. पण त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात अंगाची आग आणि झोपमोड दोन्ही असलेल्या १०६ बायकांवर हा प्रयोग झाला तो असा. निम्म्या बायकांना आठ आठवड्यांत सहा वेळा फोन करून हे शिकवले, फोन अर्ध्या तासाचाही नव्हता, आणि शिकवणारे झोपेचे तज्ज्ञ नव्हते. निम्म्यांना पाळी जाण्याची नुसती माहिती सांगितली. पहिल्या गटाची झोप दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सुधारली. फोनवर जे शिकवता येते ते आपल्या ओसरीवरही शिकवता येईल.

त्यातले मर्म सांगते. झोप न येणारी बाई काय करते? झोप भरून काढायला लवकर अंथरुणावर पडते. नऊला पडते, पाचला उठते. आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास. उरलेले अडीच तास ती कूस बदलते, आणि अंथरूण म्हणजे जागण्याची जागा अशी शरीराला सवय लागते. थोडे पाणी मोठ्या रानात सोडले की ते कुठेच मुरत नाही, सगळे वर वर ओले होते. तेच पाणी चार सऱ्यांत धरले तर मुळापर्यंत जाते. म्हणून उठण्याची वेळ पक्की ठेवायची, आपली तर ठरलेलीच असते, पाच. आणि झोप जितकी खरोखर लागते तितकाच वेळ अंथरुणात घालवायचा. साडेपाच तास झोप असेल तर रात्री साडेअकराच्या आत पाठ टेकायची नाही. दुपारीही पडायचे नाही. पहिले आठ दिवस जीव नकोसा होतो, हे आधीच सांगते, कारण न सांगितल्यामुळे बायका तिसऱ्या दिवशी सोडतात. आठवड्याभरात अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला की झोपण्याची वेळ पाव तास अलीकडे आणायची. असे आठवड्याला पाव तास. साडेपाच तासांच्या खाली कोणी जाऊ नये. मिरगी असलेल्या किंवा मनाच्या मोठ्या आजाराची औषधे चालू असलेल्या बाईने हे स्वतःहून करू नये. आणि या पहिल्या पंधरा दिवसांत तिला कडबाकुट्टीच्या यंत्रावर किंवा मळणीवर उभे करू नका. वेचणी-सोंगणीच्या धांदलीत सुरू करण्यापेक्षा उलंगवाडी झाल्यावर सुरू केलेले बरे.

दुसरे, रात्री जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात पडून राहायचे नाही. उठून दुसरीकडे बसायचे. मंद उजेडात कंटाळवाणे काम करायचे. एका बहिणीने यावर वाती वळण्याची युक्ती काढली, ती मला फार आवडली. आपलाच कापूस, काम हलके, आणि दहा-पंधरा वातींत डोळे मिटू लागतात. घड्याळ बघायचे नाही, मोबाइल तर नाहीच. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, कारण चहातले उत्तेजक द्रव्य निम्मे उतरायलाच पाच-सहा तास लागतात. झोपताना मिश्री लावणे, खर्रा किंवा तंबाखू तोंडात धरून झोपणे हे तर जागे राहण्याचेच औषध आहे. ते सोडणे अवघड, निदान संध्याकाळनंतर नको.

सोयाबीनविषयी मला हमखास विचारतात. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे काम थोडेफार करणारे द्रव्य आहे आणि काही बायकांची आग त्याने थोडी कमी होते. भाजून किंवा नीट शिजवून भाकरीच्या पिठात घातले तर वाईट नाही, प्रथिनेही मिळतात. कच्चे खाऊ नका. पण त्याच्या महागड्या गोळ्या घेण्याइतका त्याचा गुण सिद्ध झालेला नाही.

आता घराचे बोलू, कारण वरचे सगळे करायला बाईला घर परवानगी देते का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या घरातली सर्वांत वाऱ्याची जागा कोणाची आहे ते आठवा. ओसरीवर बाज पुरुषाची. खोलीतला पंखा मुला-सुनेचा. ही बाई कुठे झोपते? चुलीच्या पलीकडे, भिंतीला लागून, टिनाच्या खाली. मे महिन्यात आपल्याकडे मध्यरात्रीसुद्धा टिन गरम असते. जिचा उष्णतेचा पट्टा सर्वांत अरुंद झाला आहे तिला आपण सर्वांत गरम जागा देतो. सासरे, दीर घरात, म्हणून अंग पेटले तरी तिला पदर खाली करता येत नाही. आणि अंगावर काय आहे? पॉलिस्टरची साडी. देशाला कापूस आपण पुरवायचा आणि आपल्या बाईने घाम न शोषणारा धागा नेसून रात्रभर भाजून निघायचे! रात्रीपुरते तरी जुने सुती लुगडे किंवा सुती गाऊन द्या, उशाशी ओला पंचा आणि पाण्याचा तांब्या ठेवा, तिची बाज वाऱ्यात घ्या आणि तिथे तिला आडोसा करून द्या. यात खर्च काहीच नाही. नवऱ्याने एक रात्र चुलीजवळ झोपून बघावे.

दुसरे म्हणजे तिच्या रात्रीचे तुकडे कोण करते? साडेअकराला पाठ टेकली की बाराला नवरा पिऊन येतो, त्याला वाढायचे. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांच्याकडे रात्रीच्या पाळीची वीज येते, दोन वाजता मोटार सुरू करायला माणूस उठतो, म्हणजे चहाला तीही उठते. पहाटे गाय हंबरली की तीच. डॉक्टरने कितीही चांगले औषध दिले तरी या घरात ते लागू पडणार नाही. दिवसा वीज मिळावी ही आपली मागणी आपण मोटारीसाठी करतो. यापुढे ती तिच्या झोपेसाठीही केली पाहिजे. दारूचे मी सांगायला नको. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायका जमल्या होत्या तेव्हा ज्या वीस-पंचवीस वर्षांच्या होत्या त्या आज साठीच्या घरात आहेत. दारूबंदीवर त्या बोलल्या, जमिनीवर बोलल्या, पण पाळी जातानाच्या रात्री त्यांनी एकएकटीने काढल्या, कारण हा विषय बैठकीचा आहे असे आम्हा कोणाला वाटलेच नाही.

एवढे करूनही ज्यांची आग थांबत नाही त्यांच्यासाठी औषध आहे. जो रस कमी पडला तोच बाहेरून देता येतो, गोळीने किंवा कातडीवर लावायच्या मलमाने, पट्टीने. अंगाच्या आगीवर याच्याइतके परिणामकारक दुसरे काही नाही. याची फार भीती बसलेली आहे. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त निघाला. दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे आठ जास्त. पण त्या प्रयोगातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पुढे आकडे वयानुसार तपासले तेव्हा दिसले की साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. पेरणीसारखेच आहे. मृगात पेरले तर पीक, आश्विनात तेच बी पेरले तर नुकसान.

ते कोणी घेऊ नये? जिला स्तनाचा कॅन्सर झाला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेला आहे, यकृताचा आजार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे. पिशवी शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटे देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागते, नाहीतर पिशवीच्या अस्तराला कॅन्सरचा धोका होतो. हे डॉक्टर पाहतील, पण तुम्हाला माहीत असावे. आणि जिचे बीजकोष चाळिशीच्या आत काढले गेले तिला तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हा रस सहसा द्यायलाच हवा, झोपेसाठी आणि हाडांसाठी, हृदयासाठीही. अशा किती बायकांना घरी पाठवताना हे सांगितले गेले? मी ज्यांना विचारले त्यांतल्या एकीलाही नाही.

हा रस ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. मन खचल्यावर देतात त्यांतल्या काही गोळ्या कमी मात्रेत आग कमी करतात, नसांच्या दुखण्यावरची एक गोळी रात्री घेतली तर झोपेलाही मदत करते. ही सगळी डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची.

त्या घरी मी तिसऱ्यांदा गेले ते आम्ही तिला मेडिकल कॉलेजात नेण्यासाठी. सकाळी सातची बस, दुपारी दोनला नंबर लागला. डॉक्टरीण बाईंनी कागद पाहिले, स्तन तपासले, रक्तदाब पाहिला, औषध दिले. तीन-चार आठवड्यांनी रात्रीच्या चार आगींची एक झाली. झोप मात्र लगेच आली नाही, तिची मोडलेली सवय सुधारायला पुढे दोन महिने लागले, वाती वळण्यात गेले. अकरा क्विंटल कापूस परत आलेला नाही.

आता बाहेर पडताना टेबलावर वह्या ठेवल्या आहेत, चाळीस पानी. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीने एक न्यावी. काटापट्टी जशी आपण जपून ठेवतो तशी ही ठेवायची. रोज सकाळी पाच गोष्टी लिहायच्या. अंथरुणात कधी गेले, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली आणि त्यातली किती आगीने, उठले किती वाजता, पाळी आली असेल तर तारीख. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या, त्याला काय लिहितो ते कळले तरी बिघडत नाही. पंधरा दिवसांची वही घेऊन गेलात तर डॉक्टरला चार मिनिटांत कळते, नाहीतर तुम्ही 'झोप नाही' म्हणता आणि तो गोळी लिहून देतो. दुसऱ्या पानावर डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न आम्ही आधीच छापले आहेत. माझे रक्त किती आहे? मला इस्ट्रोजेन चालेल का, नसेल तर का नाही? ऑपरेशन सांगत असाल तर कशासाठी, आणि बीजकोष ठेवणार का?

वहीची किंमत दहा रुपये आहे. ती नवऱ्याने द्यायची. ज्वारीचा उत्पादनखर्च आपण दोन वाजता सुरू करू.